दोन इंच खाली

"अंदाजे नको, दादा. मोजून सांगा."

वहिनी माझ्या दुकानात आल्या की पहिलं वाक्य हेच असायचं. टायर किती झिजलाय, पाटा किती बसलाय, चाक कुठं ओढतंय, काहीही विचारायचं असो. मी सवयीनं म्हणून जायचो, "असेल चार बोटं." त्या माझ्या हाताकडे बघायच्या. "कुणाची बोटं? तुमची का माझी?" आणि गळ्यातली शिलाईची पिवळी टेप काढून, पदर खोचून, स्वतःच गाडीशेजारी उकिडव्या बसायच्या. लग्नानंतर वीस वर्षं त्यांनी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवले होते. अंदाजानं ब्लाऊज बिघडतो, मग गाडीचं काय होत असेल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

माझं चाकांचं दुकान पैठण रोडवर, नक्षत्रवाडीच्या अलीकडे. सकाळी सातच्या सुमारास तुम्ही कधी त्या रस्त्यानं चितेगावकडे कामाला जात असाल, तर ती पांढरी व्हॅन तुम्हीही पाहिली असेल. मागे कारखान्यात पॅकिंगला जाणाऱ्या सहा बायका, त्यांच्या मांडीवर डबे, आणि स्टेअरिंगवर पदर कानामागे खोचलेली एक बाई. हॉर्न फारसा न वाजवणारी.

खरं तर माझी ओळख आधी त्यांच्या नवऱ्याशी. व्हॅन त्याची. मूळचा तो देवगाव रंगारीचा, शहरात येऊन ड्रायव्हर झालेला, उंच, नीट भांग पाडणारा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल, पण आमचं अरेतुरेचं. त्याचा जीव अलॉय व्हीलवर. माझ्याकडे नवीन माल आला की त्याला कसं कळायचं कोण जाणे. बायकांना कारखान्यावर सोडून परतताना तो थांबायचा, चहा प्यायचा आणि भिंतीवर टांगलेल्या चकचकीत चाकांसमोर उभा राहायचा. "मिस्त्री, माझ्या गाडीचं चाक बघ की. बैलाच्या पोटाखाली वासरू उभं राहिल्यावानी दिसायलंय. गाडी उभी असली तरी पळती वाटली पाहिजे."

पुढच्या दिवाळीला नक्की, असं तो चार दिवाळ्या म्हणत होता.

मग ती उन्हाळ्यांची वर्षं आली. तुम्हाला आठवत असतील. धरणात पाणी नाही, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि शहर मात्र चारी बाजूंनी वाढत चाललेलं. कांचनवाडीच्या पुढे जिथं कालपर्यंत ज्वारी होती तिथं खांब उभे राहत होते. बांधकामाला टँकर, घराला टँकर. माझा गाड्या धुण्याचा खड्डा मी बंद करून टाकला. रोज गाडी धुणारा हा माणूस आता एका मगात फडकं बुडवून सबंध व्हॅन पुसायचा.

अशाच एका दुपारी टँकरचा पाइप ड्रममध्ये धरून तो उभा होता आणि त्याचा डावा हात आपोआप सुटला. पाणी रस्त्यावर वाहू लागलं म्हणून बायका ओरडल्या. त्याचं तोंड वाकडं झालेलं दिसल्यावर मग सगळ्या पाण्याचं विसरल्या.

जीव वाचला. बोलणं महिनाभरात बरंचसं परत आलं. डावा हात आणि डावा पाय मात्र अर्धेच परत आले.

व्हॅन दारात उभी. मागे बसणाऱ्या सहाजणींनी दुसरी गाडी बघायला सुरुवात केली होती. वहिनी त्यांना म्हणाल्या, "एक महिना थांबा." कशासाठी ते सांगितलं नाही. पहाटे त्यांच्या भावानं त्यांना बायपासच्या मोकळ्या सर्व्हिस रोडवर शिकवलं. महिना भरला त्या दिवशी त्या लायसनच्या परीक्षेला बसल्या, नापास झाल्या, पुन्हा बसल्या आणि पास झाल्या. पुढचे सगळे कागद होईपर्यंत भाऊच गाडी नेत होता, आणि वहिनी शेजारी बसून रस्त्यातला एकेक खड्डा पाठ करत होत्या.

पहिल्या दिवशी स्टँडवरचा एक ड्रायव्हर म्हणाला, "भाभी, ये बेलन नै, स्टेरिंग है."

वहिनी काच खाली करून म्हणाल्या, "दोन्ही फिरवायचंच असतंय, भैया." आणि निघून गेल्या. हा किस्सा मला त्या ड्रायव्हरनंच सांगितला, तोही हसत हसत.

गाडी चालू झाली, पण घरी बसलेला माणूस थांबत चालला होता. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. टीव्ही लावला तर बंद कर म्हणायचा. वहिनींनी पंधरा दिवस बघितलं आणि एका सकाळी त्याला म्हणाल्या, "चला. माझ्याशेजारी बसा. रस्ता तुमच्या ओळखीचा आहे, मला अजून नाय."

त्याला बरं वाटलं असावं. पण प्रश्न चढण्याचा होता. असली व्हॅन तुम्ही नीट बघितली असेल तर ठाऊक असेल, तिची पुढची सीट चाकावर असते. आत बसायचं म्हणजे चढावं लागतं. डाव्या दारानं चढताना उजवा पाय आधी उचलायचा, आणि तेवढा वेळ अंगाचा सगळा भार डाव्या पायावर. नेमका तोच पाय दुबळा. मग काय, वहिनी पुढून ओढायच्या आणि दोन बायका मागून लोटायच्या. उतरताना परत तेच. हे सगळं कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीवरच्या माणसांदेखत.

मागे बस म्हटलं तर तो म्हणायचा, "मागं पाशिंजर बसत्यात." मी दाराखाली लोखंडी पायरी लावून दिली. त्या चिंचोळ्या पट्टीवर त्याचा डावा पाय सरळ पडेना. तिसऱ्या दिवशी घसरला आणि हनुवटी दारावर आपटली. पायरी मीच काढून टाकली.

आठव्या दिवशी त्यानं दाराची कडी घट्ट धरली आणि लोटणाऱ्या बायकांना म्हणाला, "सोडा. मी पोतं नाय."

त्या दिवशी त्याला घरी ठेवून बायकांना पोचवून परतताना वहिनी थेट माझ्याकडे आल्या. टेप काढली. गाडीच्या दाराची जमिनीपासूनची उंची मला दाखवली. साडेसोळा इंच. मग पदराच्या गाठीतून कागद काढला. घरी भिंतीला खडूनं रेघा मारून त्यांनी मोजलं होतं, डाव्या पायावर उभं राहून तो उजवं पाऊल किती उचलू शकतो ते. चौदा.

"अडीच इंच, दादा. गाडी अडीच इंच खाली घ्या."

मी त्यांना खुर्ची दिली आणि पाणी दिलं. मग म्हणालो की गाडी खाली घेण्याचं काम मी करतो, हौशी पोरं करून घेतात, पण त्यांच्या गाड्या गुळगुळीत रस्त्यावर फिरतात. पैठण रोड तेव्हा एका बाजूनं रुंदीकरणाला आणि दुसऱ्या बाजूनं पाइपलाइनला खोदलेला. अशा रस्त्यावर सहा बायका भरून खाली घेतलेली गाडी न्यायची म्हणजे पोट घासणार.

त्या ऐकून गेल्या. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तो स्वतः आला. काठी टेकत आत आला आणि बसायच्या आधीच बोलला.

"मिस्त्री, ती तुला गाडी खाली घ्यायला सांगायली ना? घेऊ नको. मोठी चाकं लाव."

"आता कशाला रे?"

"आता नाय तर कधी? खोदलेला रस्ता, गाडी उंच पाहिजे का बुटकी? तूच सांग." मग हळू म्हणाला, "माझ्यासाठी गाडी वाकवली म्हणतील लोक. मी बसलो खाली ते बसलो. गाडी कशाला बसवता?"

मला त्याचं पटलं. लपवत नाही. तो माझा दोस्त होता, चार दिवाळ्या त्या चाकांसमोर उभा राहिलेला, आणि रस्त्याचं म्हणत होता ते खोटं नव्हतं. वहिनींना मी संध्याकाळी फोनवर तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "दोन्ही एकदम नाय होणार?"

"नाही. गाडी खाली घेतली की चाकावरची मोकळी जागा जाते. त्यात मोठं चाक घातलं तर वळताना मडगार्डला घासेल, टायर कापला जाईल. एकच काय ते ठरवा. आणि मोठ्या चाकानं गाडी वर जाते."

"किती?"

"असेल..." म्हणालो आणि जीभ चावली. "पाऊण इंच."

"म्हणजे सव्वातीन होतंय अंतर," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढचे चार दिवस त्यांनी काय केलं ते मला बायकांकडून कळलं. परतीच्या रिकाम्या फेरीला त्या प्रत्येक गतिरोधकाजवळ गाडी कडेला घ्यायच्या, उतरायच्या आणि टेप लावायच्या. स्टेशनपासून चितेगावपर्यंत एकही सोडला नाही. खोदकामावरच्या मजुरांना वाटलं कुणी सरकारी बाई आली. एकानं तर उठून टोपी काढली. सगळे आकडे त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहिले आणि ते पान माझ्या टेबलावर पसरलं. सहा माणसं भरल्यावर गाडी किती बसते तेही त्यांनी बायकांना बसवून-उतरवून मोजलेलं.

"दोन जागा आडव्या येत्यात," त्या म्हणाल्या. "बाकी रस्ता निघतोय. बघा."

मी पडताळून पाहिलं. बरोबर होतं. एक जागा म्हणजे पाइपलाइनचा चर बुजवून उरलेला उंचवटा. तिथल्या मुकादमासमोर वहिनी दोन दिवस सकाळी गाडी थांबवून उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. नुसत्या म्हणायच्या, "एवढं सपाट करून द्या." तिसऱ्या दिवशी त्यानं मुरूम टाकून दोन्ही बाजूंना उतार करून दिला.

दुसरी जागा म्हणजे एका गावातल्या शाळेसमोरचा गतिरोधक. एका मुलाला गाडीनं उडवल्यावर गावकऱ्यांनी स्वतः डांबर ओतून केलेला, उंच आणि धारदार. मी म्हणालो, "तो कमी करायला सांगता येईल."

"तो नाय कमी करायचा," वहिनी म्हणाल्या. "तो बरोबर आहे."

तोडगा मागे बसणाऱ्यांतूनच निघाला. पिशोरहून शहरात नांदायला आलेली एक बारीकशी बाई होती, सगळ्यांत कमी बोलणारी. ती म्हणाली, "आम्ही उतरू की तिथं. दहा पावलं चालायचं. रिकामी गाडी निघंल." बाकीच्या पाचजणी व्हय म्हणाल्या.

राहिलं माझं. अडीच इंच मी देऊ शकत नव्हतो. पुढच्या स्प्रिंगा कापून वाटेल तेवढं खाली घेणारे आहेत, मी कापत नाही. बेताच्या आखूड स्प्रिंगा पुढे आणि मागे कमानपाट्याला, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगला, ठोकळा, असं करून सुरक्षित दोन इंच मिळत होते. त्यासाठी आरटीओची परवानगी लागणार होती. वहिनी डॉक्टरांचा कागद घेऊन तीन खेपा करून ती घेऊन आल्या. पण दोनच्या पुढे मी एक दोरासुद्धा जाणार नाही असं सांगितलं. मला वाटलं त्या घासाघीस करतील.

त्या म्हणाल्या, "मग अर्धा इंच त्यांचा."

घरी त्यांनी फरशीचे तुकडे रचले. रोज सकाळी भिंतीला हात टेकवून त्यानं त्यावर उजवा पाय ठेवायचा, काढायचा, ठेवायचा. जमलं की वर पातळ पुठ्ठा. मग दुसरा. तो चिडायचा, शिव्या द्यायचा, काठी फेकायचा. वहिनी काठी उचलून आणायच्या आणि म्हणायच्या, "झालं? आता परत." तीन महिने. एकदा मी सकाळी गेलो तर तो घामाघूम होऊन बसलेला. मला म्हणाला, "हिला सांग मिस्त्री, मला चाकं नकोत, गाडी नको, काय नको." मी वहिनींकडे बघितलं. त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाच खेपा राहिल्यात."

स्प्रिंगा घातल्या त्या दिवशी दोघंही दुकानात होते. जॅक काढला, गाडी खाली टेकली, मी पुढे-मागे हलवून बसवली. तो खुर्चीवर तोंड फिरवून बसला होता. बघायचंच नाही असं ठरवून आला होता. पण अनेक वर्षांची खोड. थोड्या वेळानं डोकं वळलं. मग काठी टेकून उठला, दहा पावलं मागे गेला आणि डोळे बारीक करून उभा राहिला.

"मिस्त्री, चाकं बदलली का रे?"

"नाही. तीच आहेत."

"मोठी दिसायलीत."

तुमच्यापैकी कुणाला हे ठाऊक नसेल तर सांगतो. चाक लहान दिसतं ते त्याच्यावरच्या पोकळीमुळे. मोठं चाक घाला नाहीतर गाडी खाली घ्या, ती पोकळी भरते आणि डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं. धंद्यात इतकी वर्षं काढून मला हे त्याला आधी सांगायचं सुचलं नव्हतं. तो गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून आला. मडगार्डवरून उजवा हात फिरवला.

"जरा पुढं घे," वहिनींना म्हणाला. त्यांनी घेतली. "आता थांबव." बराच वेळ बघून म्हणाला, "उभी असली तरी पळती दिसती."

वहिनींनी फक्त मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गाडी कुठं घासते का बघायला मीही बरोबर गेलो. मागे दाटीत बसलो, मांडीवर कुणाचा तरी डबा घेऊन. घरून निघताना तो चढला तेव्हा मी नव्हतो. बायका म्हणाल्या, लोकांना दिसू नये म्हणून वहिनींनी गाडी घराच्या जिन्याच्या आडोशाला लावून त्याला चढवलं, पण हात लागलाच थोडा.

चर आला, उतारावरून गाडी अलगद निघाली. शाळा आली. वहिनींनी गाडी थांबवली. सहाही जणी उतरल्या, मी उतरलो. दार ओढायला गेलो तेवढ्यात पुढच्या दाराचा आवाज झाला.

त्यानं स्वतः दार उघडलं होतं. "बाकी सगळे उतरायलेत," तो कुणालाच उद्देशून म्हणाला. डावा पाय खाली सोडला, काठी टेकली, उतरला. वहिनी समोर बघत राहिल्या. आम्ही चालत पलीकडे गेलो, तो मागून एकेक पाऊल टाकत आला. गाडी गतिरोधकावरून सावकाश आली, कुठंही टेकली नाही आणि आमच्यापाशी थांबली.

आता चढायचं होतं. मागे एक ट्रक येऊन थांबला होता, त्याच्या मागे अजून दोन. शाळेची पोरं कुंपणाला लटकून बघत होती. त्यानं काठी आत ठेवली, दाराची कडी धरली. उजवा पाय उचलला. तो दाराच्या कडेला लागून खाली आला. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. एक बाई पुढे सरकली, तर त्या पिशोरच्या बाईनं तिचा दंड धरून तिला थांबवलं. दुसऱ्यांदा पाय वर गेला, परत खाली आला. हॉर्नवर हॉर्न. वहिनींनी गियरवरचा हात काढून मांडीवर ठेवला. एवढीच हालचाल. गाडी न्यूट्रलला, नजर समोर, पाणी प्यायला थांबलेल्या माणसासारख्या निवांत.

तिसऱ्यांदा तो पाय कडेवरून आत गेला. डावा गुडघा थरथरत होता. मग अंगाला एक हिसका देऊन तो आत बसला, डाव्या पायाला हातानं उचलून घेतलं आणि दार ओढलं. धाडकन.

"चल," तो म्हणाला. "उशीर व्हायलाय."

मागे बसल्यावर मी डबा मांडीवर घेऊन खाली बघत राहिलो.

त्यानंतर तो सहा वर्षं रोज त्या सीटवर बसून चितेगावला गेला. खड्डे वहिनींच्या आधी त्याला दिसायचे, आणि तो सांगायचा, आणि वहिनी म्हणायच्या, "दिसलाय." रस्ता चौपदरी झाला, बाजूची झाडं गेली, शाळेसमोर भुयारी वाट झाली. दुसरा झटका आला तो घरीच, झोपेत. सावडल्यावर आठ-दहा दिवसांनी वहिनी दुकानात आल्या. मी कामाचंच विचारलं. "आता रस्ता चांगला झालाय वहिनी. स्प्रिंगा जुन्या झाल्यात. बदलतो, पहिल्यासारखी उंच करून देतो."

"नको," त्या म्हणाल्या. "आता माझेबी गुडघे कुरकुरत्यात."

आणि हसल्या. मी पण हसलो. मग मी चहा सांगितला.

अजून दोन वर्षं त्यांनी गाडी चालवली. मग नाशिकची लेक मागे लागली आणि त्यांनी जायचं ठरवलं. व्हॅन त्यांनी पिशोरच्या बाईला दिली. तिला गाडी शिकवली होती ती त्यांनीच, त्याच सर्व्हिस रोडवर. जायच्या आदल्या दिवशी दोघी माझ्याकडे आल्या. मी ब्रेक बघितले, तेल बदललं, चारही चाकांची हवा स्वतः मोजली आणि आकडे मोठ्यानं सांगितले. वहिनींनी मान डोलावली.

निघताना ती बाई स्टेअरिंगवर बसली. वहिनी पलीकडच्या बाजूनं गेल्या. उजवा पाय आत ठेवला, कडी धरली आणि त्याच्या सीटवर बसल्या. त्यांनी गाडी हातात घेतल्यापासून मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं. हात मांडीवर, नजर समोर. रस्त्याच्या तोंडाशी जाऊन गाडी बंद पडली. मागून एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न देऊ लागला. बाईनं गडबडीनं शेजारी बघितलं. वहिनी समोरच बघत राहिल्या.

बाईनं चावी फिरवली. गाडी सुरू झाली, उजवा दिवा लुकलुकला, आणि दोघी शहराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या रांगेत शिरल्या.